लांब वायरीवरून कॅमेऱ्यांना वीजपुरवठा

सुरक्षा कॅमेरा आणि त्याचा वीजपुरवठा यांच्यात अंतर वाढले की वायरीच्या रोधामुळे वाटेतच व्होल्टेज घटते. ही घट आधीच हिशेबात धरून वायरीची जाडी, व्होल्टेज आणि पुरवठ्याची जागा ठरवावी लागते. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागांतल्या जुन्या मराठी वाड्यांत हा प्रश्न हटकून येतो. वाड्याचे तोंड अरुंद, आत चौक, मागे परसू. रेकॉर्डर आणि पुरवठा दिवाणखान्यात आणि शेवटचा कॅमेरा परसातल्या दारावर. वायर सरळ जात नाही. ती भिंतीच्या कडेने, माळ्यावरून, चौकाला वळसा घालून जाते. पंचवीस मीटर खोल घरात ती सहज साठ मीटर भरते.

साधे कॅमेरे १२ व्होल्ट डीसीवर चालतात. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरमागे सुमारे ३९ ओहम असतो. प्रवाह जातो आणि परतही येतो, म्हणून साठ मीटरला १२० मीटर धरायचे. तो रोध झाला जवळपास ४.७ ओहम. दिवसा कॅमेरा ०.२ अँपिअर घेत असेल, तर एक व्होल्टही जात नाही. रात्री इन्फ्रारेड दिवे लागून प्रवाह ०.५ अँपिअर झाला, की २.३ व्होल्ट वाटेतच संपतात आणि कॅमेऱ्याला ९.७ व्होल्टच मिळतात. अनेक कॅमेऱ्यांत व्होल्टेज घटले की प्रवाह उलट वाढतो, त्यामुळे घट आणखी वाढते. चित्रावर पट्टे येतात, कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होतो. दिवसभर उत्तम चालणारा कॅमेरा नेमका अंधारात, म्हणजे ज्या वेळेसाठी तो बसवला त्याच वेळी दगा देतो. दोष कॅमेऱ्याचा समजून तो बदलला जातो आणि नवाही तसाच वागतो. म्हणून मल्टिमीटर लावायचा तो कॅमेऱ्याच्या टोकाला आणि दिवे लागलेले असताना. पुरवठ्याजवळ मोजलेले १२ व्होल्ट काहीच सांगत नाहीत.

वायर जाड करणे हा पहिला उपाय. १.५ चौरस मिलिमीटर वायरीत हीच घट ०.८ व्होल्टवर येते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण त्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या मानाने तिचा रोध सुमारे दीडपट असतो. लांब अंतराला ती घेऊच नये. एसएमपीएसचा, म्हणजे घरच्या विजेचे १२ व्होल्ट डीसी करणाऱ्या पुरवठ्याचा, स्क्रू फिरवून व्होल्टेज १३ च्या वर नेण्याची रीतही आहे, परंतु त्याच पुरवठ्यावरच्या जवळच्या कॅमेऱ्याला ते जास्त होऊ शकते.

खरा फायदा वाटेतले व्होल्टेज वाढवण्यात आहे. सहा वॅट १२ व्होल्टवर न्यायला अर्धा अँपिअर लागतो, ४८ व्होल्टवर त्याचा चौथा हिस्सा पुरतो. त्याच साठ मीटर वायरीत मग ०.६ व्होल्ट जातात आणि ४८ मधून ते गेल्याने काही बिघडत नाही. नेटवर्कच्याच केबलमधून वीज नेणारी पीओई पद्धत याच तत्त्वावर चालते. तिचे पहिले मानक २००३ चे. त्यात नेटवर्क स्विचकडून, म्हणजे अनेक केबली जोडणाऱ्या डब्याकडून, १५.४ वॅट निघतात आणि पलीकडे १२.९५ वॅट मिळतील असे धरलेले असते. म्हणजे वाटेतली तूट मानकातच मोजलेली आहे. २००९ च्या मानकात हे आकडे ३० आणि २५.५ वॅट झाले. जुन्या ॲनालॉग कॅमेऱ्यांसाठी २४ व्होल्ट पाठवून कॅमेऱ्याजवळ कन्व्हर्टरने १२ व्होल्ट करता येतात.

कॅमेऱ्याशेजारीच अ‍ॅडॉप्टर लावला तर घटीचा प्रश्न मिटतो, मात्र तिथे २३० व्होल्टचा पॉइंट आणि पावसापासून आडोसा लागतो. वीज गेली की घरातल्या यूपीएसचा त्याला उपयोग नसतो. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचे पाणी बडोद्याच्या वस्त्यांत शिरले. अशा शहरात खाली भिंतीवर बसवलेल्या अ‍ॅडॉप्टरच्या डब्यापेक्षा वरच्या मजल्यावरचा एकच पुरवठा केव्हाही बरा.

नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे. तिच्यापुढे काही स्विच वेग १० मेगाबिटवर आणून २५० मीटरपर्यंत नेतात. मोठ्या आवारात फायबर, म्हणजे प्रकाशातून माहिती नेणारी काचतंतूची केबल, टाकतात. त्यातून वीज जात नाही, तेव्हा पलीकडच्या टोकाला पुरवठ्याची सोय वेगळी करावी लागते.