काडतुसाची लांबी किती ठेवायची? आमच्या बुलेट घेणाऱ्यांसाठी

बुलेटचा बॉक्स घेऊन गेलेल्या माणसाचा फोन येतो तो बहुतेक वेळा एकाच गोष्टीसाठी, की ही बुलेट (काडतुसाच्या टोकाची गोळी) बसवल्यावर काडतुसाची बुडापासून टोकापर्यंत लांबी किती ठेवू, एक आकडा सांगून टाका. आणि आम्ही आकडा सांगत नाही. टाळतो असं कृपया समजू नका, तुमच्या पिस्तुलाची बॅरल हातात घेतल्याशिवाय तो आकडा निघतच नाही म्हणून सांगत नाही. तो कसा काढायचा ते इथे लिहितोय. (घरी काडतूस भरायला जिथे परवाना लागतो तिथे तो तुमच्याकडे आहे असं धरूनच.)

आधी एक गैरसमज काढू. नऊ मिमी ल्युगरची जास्तीत जास्त लांबी २९.६९ मिमी, म्हणजे १.१६९ इंच, ही मापं ठरवणाऱ्या सामी आणि सीआयपी या संस्थांनी दिलेली हद्द आहे. पॉइंट ४५ एसीपीला ती १.२७५ इंच. याच्या पुढे जायचं नाही एवढाच तिचा अर्थ, इथेच ठेवा असा नाही. आणि लोडिंग मॅन्युअलमधला (काडतूस भरण्याच्या मापांच्या पुस्तकातला) आकडा हा त्यांनी त्यांच्या टेस्ट बॅरलमध्ये, त्याच कंपनीच्या त्याच बुलेटवर वापरलेला आकडा असतो. बुलेट बदलली की तो आकडा तुमचा राहिला नाही, वजन सेम असलं तरी नाही.

का, तर बुलेटचा आकार. गोल नाकाची बुलेट पुढे निमुळती होत जाते, सपाट नाकाची किंवा होलो पॉइंट खांद्यापाशी जाड असते, कोटिंगवाल्या शिशाच्या बुलेटचं तर बरेचदा असंच असतं, त्यामुळे टोक मागे असूनही खांदा आधी जाऊन रायफलिंगला, म्हणजे बॅरलच्या आतल्या पीळदार खाचांना, टेकतो. त्यात काही पिस्तुलांचा थ्रोट, म्हणजे रायफलिंग सुरू होण्याआधीची मोकळी जागा, आखूड, सीझेड कंपनीच्या पिस्तुलांबद्दल तर रीलोडिंग करणाऱ्यांमध्ये हे सगळ्यांनाच माहितीये. मित्राच्या पिस्तुलात लोण्यासारखं बसणारं काडतूस तुमच्यात अडकतं ते यामुळेच.

आता प्लंक टेस्ट, म्हणजे डमी काडतूस बॅरलमध्ये सोडून लांबी बघण्याची चाचणी. बॅरल पिस्तुलातून काढा, चेंबर (काडतूस बसतं तो भाग) स्वच्छ पुसा. साइज केलेल्या (दाबून मूळ मापावर आणलेल्या) केसमध्ये, म्हणजे पितळी नळीत, बुलेट बसवून डमी बनवा, पावडर नाही, प्रायमर (बुडाची ठिणगी देणारी टिकली) नाही, हे अगदी नक्की. सुरुवातीला मुद्दाम लांब ठेवा. बॅरलचं तोंड खाली धरून डमी चेंबरमध्ये सोडली की टक्‌ असा आवाज येऊन ती बसली पाहिजे, बोटाने गोल फिरली पाहिजे आणि बॅरल उलटी केली की आपोआप बाहेर पडली पाहिजे, तिन्ही गोष्टी. नाही झालं तर डाय (बुलेट दाबून बसवणारा साचा) थोडी खाली करून बुलेट जराशी आत, परत बघा. जिथे पहिल्यांदा मोकळी फिरते ती लांबी लिहून ठेवा आणि तिच्यातून अजून ०.३ ते ०.४ मिमी कमी करा, कारण प्रत्येक काडतूस तंतोतंत सारखं निघत नाही, पाच शतांश मिमीचा फरक तर चांगल्या प्रेसवरही पडतो.

इथे बरेच जण फसतात. डमी बसत नाही म्हणून बुलेट आत आत ढकलत जातात आणि खरा दोष क्रिंपमध्ये, म्हणजे केसचं तोंड बुलेटवर मिटवण्यात, असतो. डमीला मार्करने काळं करा, चेंबरमध्ये घालून फिरवा, काढून बघा. बुलेटवर ओरखडे असतील तर लांबी जास्त, केसच्या तोंडाशी घासलं असेल तर केसचं तोंड नीट मिटलेलं नाही, तिथे टेपर क्रिंप बघा, लांबीला हात लावू नका.

बुलेट उगाच आत ढकलण्याची आम्हाला एवढी काळजी का वाटते ते जरा हिशोबाने बघा. केसची लांबी अधिक बुलेटची लांबी वजा एकूण लांबी, म्हणजे बुलेट केसमध्ये किती आत गेली. केस १९.१, बुलेट १५, एकूण २९ मिमी, तर बुलेट ५.१ मिमी आत. तीच एकूण लांबी ठेवून १६ मिमीची बुलेट वापरली तर ६.१ आत. हा एक मिमी म्हणजे सुमारे ६४ घन मिमी जागा गेली, आणि नऊ मिमीच्या केसमध्ये बुलेटखाली जागाच मुळात अर्ध्या सीसीच्या आसपास असते, म्हणजे जवळजवळ आठवा भाग गेला. पावडर तेवढीच. दाब वाढला की पावडर अजून जोरात जळते, म्हणून दाब जागेच्या प्रमाणात न वाढता त्याच्या कितीतरी पुढे जातो. तुमची लांबी मॅन्युअलपेक्षा कमी आली तर त्यांच्या स्टार्ट लोडपेक्षाही (सुरुवातीला दिलेल्या कमी पावडरीपेक्षाही) खालून सुरू करा आणि हळूहळू वर या. जास्तीत जास्त लोड आणि आखूड लांबी एकत्र कधीच नको. कधीच नको.

लांब ठेवण्यातही धोका आहेच. बुलेट रायफलिंगमध्ये रुतली तर स्लाइड पूर्ण बंद होत नाही, आणि न झाडता काडतूस काढायला गेलात तर केस बाहेर येते, बुलेट बॅरलमध्येच राहते आणि पावडर आतल्या यंत्रात सांडते.

लांबी ठरली की पाच डमी मॅगझिनमध्ये भरा, पुढच्या भिंतीला घासत नाहीत ना बघा, मग हाताने स्लाइड ओढून एकेक चेंबरमध्ये जाऊ द्या आणि काढून व्हर्नियरने परत मोजा. लांबी कमी झालेली दिसली तर बुलेट केसमध्ये सैल आहे, ती फीड होताना आत सरकतेय आणि वर सांगितलेला दाबाचा प्रकार आपोआप घडतोय. त्यावर जास्त क्रिंप हा उपाय नाही, उलट बुलेट दबते आणि पितळ परत फाकतं. एक्स्पांडर (केसचं तोंड रुंद करणारा दांडा) जाड आहे का, केस नीट साइज होतेय का, ते बघा. तेच काडतूस रोज भरायचं-काढायचं ही सवयही सोडा.

रिव्हॉल्व्हरचं सोपं आहे, केस रिमवर (बुडाच्या कडेवर) टेकते, बुलेटवर खाच असते, त्या खाचेत क्रिंप करा, काडतूस सिलिंडरच्या पुढे येत नाही एवढं बघा. फक्त तिथे झाडतानाच्या झटक्याने बुलेट पुढे सरकू शकते, म्हणून चार-पाच झाडल्यावर उरलेलं एक काढून मोजा.

एवढं करूनही अडलं तर जरूर फोन करा, फक्त प्लंक टेस्टचा आकडा, तुमच्या बुलेटची मोजलेली लांबी आणि मार्कर लावलेल्या डमीचा फोटो हाताशी ठेवा.