व्हॉइस टीचर की व्होकल कोच? ऑपेरा शिकताना कोणाकडे काय मागायचं

घोडबंदर रोडला, वाशीत, नेरूळला 'व्हॉइस कोचिंग' अशा पाट्या दिसतात. त्या एका शब्दाखाली सुगम गायन, ग्रेडच्या परीक्षा, डबिंगचा सराव असं काहीही चालू असतं. चर्चच्या क्वायरमधून किंवा पियानोच्या क्लासमधून एखादी मुलगी ऑपेराकडे, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकाकडे, वळली की घरचे याच शब्दाने शोधाशोध करतात आणि तिथेच गफलत होते. ऑपेरात व्हॉइस टीचर आणि व्होकल कोच ही दोन वेगळी कामं आहेत. टीचर गळा घडवतो, कोच त्या गळ्यात भूमिका बसवतो. दोघंही पियानोपाशीच भेटतात, दोघांसमोर तीच आरिया (ऑपेरातलं एकट्याने गायचं गाणं) गायची असते, म्हणून लांबून सगळं सारखंच वाटतं.

टीचरचा तास बहुधा गाण्याने सुरू होतच नाही. आधी ओठांची फुरफुर किंवा बारीक स्ट्रॉमधून सूर लावणं, तीन ते पाच मिनिटं. स्ट्रॉचं टोक ग्लासातल्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवलं तर उलटा दाब येतो आणि स्वरतंतू एकमेकांवर न आपटता हलके मिटतात. मग पाच सुरांची चढ-उतार, दर वेळी अर्धा सूर वर सरकत. इथे टीचरचं लक्ष सुरेलपणापेक्षा बरगड्यांवर असतं: श्वास सोडताना त्या लगेच मिटतात की थोडा वेळ फुललेल्या राहतात? लगेच मिटल्या तर हवेचा दाब गळ्याला पेलावा लागतो, आणि दहा मिनिटांत आवाज बसल्यासारखा होतो.

शास्त्रीय शिकून आलेल्या मुलींची एक अडचण ठरलेली असते. काळी चारमध्ये, म्हणजे चौथी काळी पट्टी षड्ज धरून, गाणाऱ्या मुलीचा तार षड्ज म्हणजे पियानोच्या मधल्या सप्तकातली काळी चार. सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच पट्टीतला स्त्री-आवाज, तिथून आणखी एका सप्तकाहून जास्त वर जाते. तार षड्जापर्यंत छातीचा भरदार आवाज ओढून नेता येतो, पुढे तोच आवाज रेटला तर फाटतो. सोप्रानोच्या आवाजाचा वरचा सांधा, म्हणजे आवाजाची जात बदलते ती जागा, साधारण वरच्या सप्तकातल्या काळी तीनच्या आसपास येतो. तो सांधा न दिसता ओलांडायला शिकवणं हे टीचरचं खरं काम, आणि ते काही महिन्यांचं नाही, वर्षांचं आहे. गडकरी रंगायतनमध्ये माइक असतो. ऑपेरात गायकाला ऑर्केस्ट्राच्या वरून मोकळ्या आवाजात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं. ऑर्केस्ट्राचा जोर ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) आसपास सर्वांत जास्त, वर तो उतरत जातो. घडवलेल्या पुरुषी आवाजात ३००० हर्ट्झच्या जवळ एक धार तयार होते आणि ती ऑर्केस्ट्राला चिरून कानापर्यंत येते. ही धार जोर लावून येत नाही.

परदेशी विद्यापीठांत टीचरच्या जागेवर अनेकदा रंगमंचावर गाजलेले गायक असतात. अमेरिकेत अशा प्राध्यापकाकडे आठवड्याला सुमारे अठरा तास एकेका विद्यार्थ्याचे धडे असतात, आणि सत्राच्या शेवटी विद्यार्थी अख्ख्या विभागापुढे गातो. त्याला ज्युरी म्हणतात. स्वतःचे प्रयोग मग सुट्ट्यांत किंवा रजा काढून. जागेसाठी डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स ही पदवी किंवा तितक्या तोलाचा रंगमंचीय अनुभव मागतात. कोच मात्र बहुधा पियानोवादक असतो, त्याचं शिक्षण वेगळं आणि विभागही अनेकदा वेगळा. त्यामुळे 'कोचला स्वतःला गाता येतं का?' हा प्रश्न फारसा कामाचा नाही. 'अख्खा ऑपेरा पियानोवर वाजवता येतो का, आणि कुठल्या भाषा येतात?' हे विचारा.

जुन्या संगीत नाटक मंडळीतला तालीम मास्तर आठवला की कोच कळतो. तो ऑर्केस्ट्राची सारी वाद्यं दोन हातांत घेऊन वाजवतो, मधेमधे समोरच्या पात्राच्या ओळीही गातो. श्वास कुठे घ्यायचा म्हणजे वाक्य तुटणार नाही, कंडक्टर, म्हणजे ऑर्केस्ट्राचा संचालक, कुठे थांबेल, कुठले भाग प्रथेने गाळतात, हे त्याला ठाऊक असतं. मोत्सार्ट या संगीतकाराच्या संवादगायनात, म्हणजे बोलण्याच्या ढंगाने गायच्या संवादांत, ओळीच्या शेवटी तेच दोन सूर लिहिलेले असले तर पहिला बहुतेक वेळा वरचा घ्यायचा असतो. कागदावर हे लिहिलेलं नसतं, कोच सांगतो.

उच्चार हा कोचचा प्रांत, आणि त्यात मराठी मुलांची निम्मी तयारी घरातच झालेली असते. इटालियन त आणि द दातांना टेकूनच येतात, आपल्यासारखे. 'ग्रात्सिए'मधला त्स म्हणजे चमच्यातला च, 'चाओ'मधला च म्हणजे चिंचेतला पहिला. दोन्ही च आपण रोज बोलतो. जोडाक्षरही सवयीचं: 'नोन्नो' म्हणजे आजोबा, 'नोनो' म्हणजे नववा. अण्णा म्हणताना जसं थांबतो तसं थांबलं की झालं. चुकतं ते दुसरीकडे. इंग्रजी माध्यमाच्या सवयीने ओ आणि ए ताणले की शेवटी उ किंवा इ डोकावतो. इटालियनमध्ये स्वर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच राहायला हवा.

टीचर आणि कोच यांच्यात खटका उडतो तो वरच्या सुरांवर. समजा 'सी' (हो) हा इटालियन शब्द वरच्या काळी तीनवर, म्हणजे सुमारे ७४० हर्ट्झवर आहे. इ म्हणताना तोंडाचा पहिला अनुनाद, म्हणजे तोंडाची पोकळी सर्वांत आधी जिथे घुमते ती जागा, ३०० हर्ट्झच्या आसपास असतो. सूर त्याच्या इतका वर गेला की आवाज पातळ आणि चिरका होतो. टीचर म्हणतो, जबडा उघड. उघडला की सूर फुलतो, पण इ आता ए-कडे झुकते. कोच म्हणतो, शब्द गेला. दोघंही बरोबर आहेत. तोड अशी: टीचरकडे आधी तोंडाचा आकार पक्का करायचा, मग कोचकडे व्यंजन धारदार करायचं. स मात्रेच्या किंचित आधी, ई मात्रेवर. खालच्या सुरांवरचे स्वर स्वच्छ राखले की ऐकणाऱ्याला वरचा शब्द कळतो. मुलीने मात्र हा वाद दोघांच्या कानावर घालायला हवा. नाहीतर ती सोमवारी एक तोंड आणि गुरुवारी दुसरं तोंड घोटत बसते.

म्हणून आमचं स्पष्ट मत: पहिली दोन-तीन वर्षं फक्त टीचर, आठवड्याला एक तास. चार-पाच रचना गळ्यात बसल्या की महिन्यातून एक-दोनदा कोच. उलट क्रमाने गेलं की भाषा आणि ढंग सुंदर होतात, पण कच्च्या गळ्याला कोचच्या लयीत धावायची सवय लागते आणि वरचे सूर हनुवटी उचलून गाठले जातात. ती सवय मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

दोन्ही कामं करणारी माणसं असतात, आणि ठाणे-नवी मुंबईत बहुतेकदा तेच परवडतं. तेव्हा तास वाटून मागा: पस्तीस मिनिटं गळा, पंचवीस मिनिटं रचना. ऑनलाइन शिकायचं असेल तर टीचर बऱ्यापैकी जमतो. झूममध्ये ओरिजिनल साउंड सुरू करा, नाहीतर लांब धरलेला सूर ॲप गोंगाट समजून कापून टाकतं. फोन दोन-तीन मीटर लांब ठेवा. कोच ऑनलाइन जमत नाही, आवाज उशिरा पोचतो आणि साथ जुळत नाही. त्याच्याकडून साथ रेकॉर्ड करून घ्या, संथ आणि पूर्ण लयीत, दोन्ही. आणि त्याच्याकडे जाताना प्रत्येक शब्दाचा अर्थ पेन्सिलने ओळीखाली लिहून, शब्द तालात मोठ्याने वाचून जा. ते तिथे बसून करण्यात तासाची निम्मी फी जाते.