सकळ लिपी आणि शिशाचे खिळे

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी इ.स. १२७८च्या सुमारास महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी जमवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मूळ प्रत पुढे धामधुमीत नाहीशी झाली, अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला आणि नकलांमागून नकला होताना एकाच लीळेचे, म्हणजे स्वामींच्या एकाच प्रसंगाचे, निरनिराळे पाठ रूढ झाले. हातनकलेचा तो स्वभावच आहे. नकलकाराची नजर एका शब्दावरून खालच्या ओळीतील तशाच शब्दावर घसरली की मधला मजकूर गळतो आणि त्या प्रतीवरून होणाऱ्या प्रत्येक नकलेत तो गळलेलाच राहतो. त्यातच महानुभावांनी हे ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले. तीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजलेले असल्याने, पोथी हाती येऊनही किल्ली ठाऊक नसलेल्याला ती वाचता येत नसे. मराठीचा आद्य गद्यग्रंथ मराठी माणसालाच शतकानुशतके बंद राहिला, याची मला फार हळहळ वाटते.

जर्मनीतील माइन्झ येथे गुटेनबर्गने १४५०च्या सुमारास धातूचे सुटे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, ओतून छपाई सुरू केली. शिसे एकटे मऊ असते. त्यात कथील आणि अँटिमनी मिसळल्यावर खिळा कठीण होतो, निवताना फारसा आकसत नाही आणि अक्षराची कड रेखीव उमटते. त्याने छापलेल्या बायबलच्या सुमारे १८० प्रती निघाल्या. एकाच जुळणीतून निघालेल्या प्रतींत चूकही त्याच पानावर, त्याच ओळीत सापडते, म्हणून ती दाखवता येते आणि पुढच्या आवृत्तीत सुधारता येते. दूरदूरच्या अभ्यासकांना तेच पान उघडून वाद घालता येऊ लागला, हे विद्येच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचे वाटते. धर्मातही तेच घडले: १५२२मध्ये ल्यूथरचा जर्मन ‘नवा करार’ छापून निघाला आणि लोक धर्मग्रंथ आपल्या भाषेत स्वतः वाचू लागले.

देवनागरीला मात्रा आणि जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागत, त्यामुळे मुंबईत आरंभी शिळाछाप, म्हणजे दगडावर मजकूर उतरवून केलेली बिनखिळ्यांची छपाई, सोयीची ठरली. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातले लोक छापील पोथीला शिवत नसत; मुंबईचे मुद्रक गणपत कृष्णाजी यांनी त्यासाठी तुपाची शाई वापरल्याचे सांगतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली आणि १९३०च्या दशकात ह. ना. नेने यांनी नागपुरातून ‘लीळाचरित्र’ छापून प्रसिद्ध केले. विदर्भातील खेड्यांत आजही श्रावणात पोथी लावतात. वाचणारा एकच असतो. पण ऐकणाऱ्यांतली एखादी शाळकरी मुलगी आपली छापील प्रत मांडीवर उघडून ओळीवर बोट फिरवत असते आणि वाचणाऱ्याकडून ओळ सुटली की त्याला तिथेच थांबवते.