लघुग्रहाचा आकडा चढतो तेव्हा

2024 वायआर4 हा लघुग्रह 22 डिसेंबर 2032 रोजी पृथ्वीवर आदळू शकतो आणि धोक्याच्या पट्ट्यात मुंबईही येते, अशी बातमी फेब्रुवारी 2025 मध्ये आली. मुंबई म्हणजे आपल्यापासून दीडशे किलोमीटर. पुण्यात चर्चा रंगायला एवढं पुरतं. त्यात आदळण्याच्या शक्यतेचा नासाचा आकडा चढतच होता. जानेवारीअखेर एक टक्का, 18 फेब्रुवारीला 3.1. ‘शास्त्रज्ञांनाच काही कळत नाहीये’ हा शेरा ठरलेला. खरं तर कळत चाललं होतं, म्हणूनच आकडा चढत होता.

चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला हा लघुग्रह 27 डिसेंबर 2024 ला सापडला, तोही पृथ्वीजवळून पुढे निघून गेल्यावर. काही आठवड्यांच्या निरीक्षणांवरून आठ वर्षांनंतरची जागा काढली, तर नेमका बिंदू हाती लागत नाही. लांबलचक पट्टी मिळते, आणि तिच्यात कुठेतरी पृथ्वी. नवी निरीक्षणं आली की पट्टी आखडते. पृथ्वी आहे तेवढीच, त्यामुळे पट्टीतला तिचा वाटा वाढतो. स्कूटरची किल्ली हरवली आणि खिसे, टेबल, कपाट धुंडाळून झालं, की ती पिठाच्या डब्यात असल्याची शंका बळावते, तसंच हे. शेवटी पट्टी पृथ्वीवरून सरकली आणि आठवड्याभरात आकडा शून्याजवळ आला. 2004 मध्ये ॲपोफिस या दुसऱ्या लघुग्रहाचा आकडाही असाच 2.7 टक्क्यांवर जाऊन कोसळला होता. 2029 मध्ये, 14 एप्रिलच्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास, तो आपल्यापासून फक्त 32 हजार किलोमीटरवरून जाईल. टीव्हीचे उपग्रह याहून लांब असतात.

निरीक्षण म्हणजे तरी काय? काही मिनिटांच्या अंतराने घेतलेले फोटो एकामागून एक दाखवायचे. तारे जागच्या जागी, एखादाच ठिपका सरकतो. त्याची जागा ताऱ्यांवरून मोजून मायनर प्लॅनेट सेंटरला, म्हणजे जगभरातल्या लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राला, कळवायची. लडाखमधल्या हानले इथली ग्रोथ-इंडिया दुर्बीण हे काम करते.

मला काळजी वाटते ती अजून न सापडलेल्या, या नोंदीतच नसलेल्या लघुग्रहांची. सूर्याच्या बाजूने येणारा लघुग्रह जमिनीवरच्या दुर्बिणींना दिसतच नाही. 15 फेब्रुवारी 2013 ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेला, सुमारे 20 मीटरचा, तसाच आला. लख्ख प्रकाश पाहून लोक खिडक्यांशी धावले. धक्का पोचायला मिनिटाहून जास्त वेळ लागला, आणि जखमी झालेल्या सुमारे दीड हजारांपैकी बहुतेकांना काचा लागल्या. आकाशात अचानक असा झगझगाट दिसलाच, तर गॅलरीत धावू नका. काचांपासून लांब, भिंतीआड बसा.