संभाव्य महत्तम वृष्टी : घटप्रभा व मलप्रभा खोरी

एखाद्या पाणलोट क्षेत्रावर ठरावीक काळात, हवामानाच्या नियमांत बसेल असा, जास्तीत जास्त किती पाऊस पडू शकेल याचा अंदाज म्हणजे संभाव्य महत्तम वृष्टी. त्या पावसाने येणारा तो संभाव्य महत्तम पूर. सांडवा (धरणातले जादा पाणी सोडण्याची वाट) किती रुंद ठेवायचा आणि धरणमाथा पाण्याच्या किती वर न्यायचा, हे या पुरावरून ठरते. आयएस ११२२३ (१९८५) या भारतीय मानकानुसार साठा ६ कोटी घनमीटरपेक्षा किंवा पाण्याची उंची ३० मीटरपेक्षा जास्त असेल तर हाच पूर धरावा लागतो. लहान धरणांना शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर चालतो. घटप्रभेवरचे हिडकल (सुमारे ५१ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट) आणि मलप्रभेवरचे नविलतीर्थ (सुमारे ३७ टीएमसी) ही दोन्ही धरणे अर्थातच वरच्या वर्गातली.

बेळगाव भागात हा अंदाज अवघड होतो तो पावसाच्या उतारामुळे. आंबोलीला वर्षाकाठी ७,००० मिमीच्या आसपास पाऊस, बेळगाव शहरात १,२०० ते १,३००, आणि गोकाक-सौंदत्तीकडे ५०० ते ६०० मिमी. हे सगळे सरळ रेषेत शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि धरण आहे थेट सौंदत्तीजवळ. उगमाकडे, जांबोटीच्या बाजूला आठवडाभर झड लागलेली असते, तेव्हा धरणावर ऊनही पडलेले असू शकते. म्हणून धरणाच्या जागेवरचा पर्जन्यमापक या कामात जवळजवळ निरुपयोगी. पाऊस किती, यापेक्षा तो खोऱ्यात नेमका कुठे बसवायचा, हा खरा प्रश्न.

नेहमीची पद्धत अशी. मागच्या मोठ्या वादळी पावसांच्या नोंदी घेऊन किती क्षेत्रावर, किती तासांत, सरासरी किती पाऊस झाला याचे आलेख काढतात. मग त्या वेळच्या दवबिंदूची (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे दव होऊ लागते त्याची) तुलना त्या भागात, त्या हंगामात नोंदलेल्या कमाल दवबिंदूशी करतात. दवबिंदू एका अंशाने वाढला की हवेच्या स्तंभात मावणारी वाफ ढोबळमानाने आठ-नऊ टक्क्यांनी वाढते. त्या प्रमाणात पाऊसही वाढवून धरतात. शेवटी ते वादळ आपल्या खोऱ्यावर आणून ठेवतात, आणि इथेच विवेक लागतो. कोकणातल्या उतारावर कोसळलेला पाऊस उचलून गोकाकवर ठेवता येत नाही, कारण तो पाऊस घाटाने अडवलेल्या वाऱ्याचा असतो. उलट बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यालाही झोडपू शकतो. एकाच खोऱ्याच्या दोन टोकांना दोन वेगळी वादळे तपासावी लागतात.

नोंद पुरेशी लांब नसेल तर हर्शफील्डची सांख्यिकी रीत वापरतात : वार्षिक कमाल पावसाच्या सरासरीत प्रमाण विचलनाची (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत त्या मापाची) काही पट मिळवायची. १९६१ मध्ये त्याने ही पट १५ धरली होती. रीत सोपी आहे, पण घाटमाथ्यावर ती आंधळेपणाने लावू नये.

मूळ आकडाही तपासून घ्यावा लागतो. पर्जन्यमापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर आणि आतली बाटली ४ लिटरची असेल, तर २०० मिमी पावसाला ती काठोकाठ भरते. पुढचा पाऊस सांडून जातो. घाटात असा दिवस काही नवलाचा नाही, तिथे मोठी बाटली हवी किंवा मध्ये उठून माप घ्यायला हवे. दुसरी गोष्ट, नोंद सकाळी साडेआठ ते साडेआठ अशी होते, पण पावसाला घड्याळ ठाऊक नसते. रात्रंदिवस कोसळलेला पाऊस दोन तारखांत वाटला जातो, म्हणून एका दिवसाच्या आकड्यात सुमारे १३ टक्के वाढ करण्याची प्रथा आहे.

पुढचा हिशेब साधा, पण धडकी भरवणारा आहे. १,००० चौरस किलोमीटरवर १०० मिमी पाऊस म्हणजे १० कोटी घनमीटर, साधारण साडेतीन टीएमसी. जमीन आधीच चिंब आणि जलाशय काठोकाठ भरलेला आहे असे धरूनच हा पूर सांडव्यातून नेऊन पाहतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गोकाक आणि रामदुर्गने या गृहीतकाची चुणूक पाहिली. सांडवा तोकडा पडला तर काय होते, ते ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मोरबीजवळ मच्छू-२ धरणावर दिसले. क्षमतेच्या तिपटीच्या आसपास पाणी आले आणि मातीच्या दोन्ही बाजू वाहून गेल्या.

राज्याची सीमा पाणलोटाला कळत नाही. हिडकलचे बरेचसे पाणी चंदगड तालुक्यातून येते. कोवाडवरून वाहणारी ताम्रपर्णीही त्यातच. धरण कर्नाटकात, वरची पर्जन्यमापक केंद्रे महाराष्ट्रात. दोन्हीकडच्या नोंदी एकत्र केल्याशिवाय वादळाचा नकाशा पुरा होत नाही.

मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप तलावाची गोष्ट निराळी. तलाव भरत आला की बेळगावकर रोज ‘२४७५ फूट (तलाव पूर्ण भरल्याची पातळी) झाले का?’ विचारतात. इतक्या लहान खोऱ्यात पाणी काही तासांतच तलावात उतरते, त्यामुळे चोवीस तासांचा आकडा इथे पुरत नाही. तासातासाची नोंद ठेवणारा स्वयंनोंदक पर्जन्यमापक जवळ नसेल, तर दिवसाच्या पावसाची तासवार वाटणी दुसऱ्या केंद्रावरून उसनी घ्यावी लागते.