बरोक व्हायोलिनच्या मास्टर्ससाठी हेगला अर्ज: पात्रता, ध्वनिचित्रमुद्रण आणि कागदपत्रं

बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपीय संगीत त्या काळच्या पद्धतीने वाजवणाऱ्या व्हायोलिनवादकाला कायम पगाराची नोकरी जवळजवळ नसतेच. वाद्यवृंद एका कार्यक्रमापुरते जमतात, आठ-दहा दिवस तालीम आणि दौरा करतात आणि पांगतात. म्हणून शिकायला कुठे जायचं हे ठरवताना गुरूबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी लागते: त्या देशात अशी सुटी कामं विद्यार्थ्याला कायद्याने घेता येतात का? या दोन्ही कसोट्यांवर मी नेदरलँड्समधल्या हेगच्या रॉयल कॉन्झर्व्हेटॉयर या संगीत महाविद्यालयाचं नाव आधी सुचवते. बरोक व्हायोलिनवादक सिगिस्वाल्ड काउकेन यांनी तिथे 1971 पासून पंचवीस वर्षं बरोक व्हायोलिन शिकवलं. टोन कोपमन यांचा ॲमस्टरडॅम बरोक वाद्यवृंद (1979) आणि फ्रान्स ब्रुखेन यांचा अठराव्या शतकाचा वाद्यवृंद (1981) त्याच देशातले. तिथल्याच नार्डेन गावच्या चर्चमध्ये 1922 पासून बाखचं मॅथ्यू पॅशन (येशूच्या अखेरच्या दिवसांची कथा सांगणारी गायन-वादनाची मोठी रचना) होत आलं आहे, आणि ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत देशभर इतकी पॅशन वाजतात की नवख्या वादकालाही हाक येते.

मास्टर्स दोन वर्षांचं आणि 120 क्रेडिटचं असतं, सप्टेंबरमध्ये सुरू होतं. त्यासाठी संगीतातली बॅचलर पदवी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण लागतं. आपल्याकडे अनेकांची पदवी वाणिज्य किंवा अभियांत्रिकीची असते आणि व्हायोलिन ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षांमधून आलेलं असतं. अशांनी मास्टर्सचा प्रवेश गृहीत धरू नये. आधी प्रवेश विभागाला पत्र लिहून विचारावं आणि चार वर्षांच्या बॅचलरचा पर्यायही मनात ठेवावा. तिथे बारावी चालते, पण संगीतशास्त्राची आणि कानाची परीक्षा द्यावी लागते.

अर्ज स्टुडिलिंक या डच संकेतस्थळावरून सुरू होतो. पदवी आणि गुणपत्रकं, पासपोर्ट, संगीताचा अनुभव सांगणारा परिचय, शिकण्यामागचा हेतू मांडणारं पत्र, आयईएलटीएससारख्या इंग्रजी परीक्षेचा निकाल आणि संशोधनाचा प्रस्ताव एवढं तयार ठेवा. संशोधनाच्या प्रस्तावाकडे मुलं शेवटच्या रात्री वळतात, ही चूक टाळा. 'मला बाख आवडतो' हा प्रस्ताव होत नाही. इटालियन संगीतकार कोरेल्लीच्या 1700 सालच्या ओपस 5 या व्हायोलिन सोनाटांमधले संथ भाग त्याच्या काळात कसे सजवून वाजवत, आणि आलाप ऐकत वाढलेल्या माणसाला त्यात काय वेगळं ऐकू येतं, असा प्रश्न धरला तर तो तुमचाच राहतो.

अर्जाचा जीव मात्र वादनात असतो. युरोपबाहेरच्या उमेदवाराला प्रत्यक्ष परीक्षेऐवजी ध्वनिचित्रमुद्रण पाठवण्याची सोय असते, त्याच्या अटी त्या वर्षीच्या सूचनांमधून नीट वाचून घ्या. तीन वेगळ्या वळणांच्या रचना निवडा: सतराव्या शतकातली एक इटालियन सोनाटा (कास्तेल्लो किंवा फोंताना), बाखच्या 1720 च्या एकल रचनांमधली एक, आणि लक्लेरसारखं एखादं फ्रेंच काही. वेगाने कोणी भारावत नाही. वाक्य कुठे संपतं, कुठला सूर हलका सोडायचा, नृत्याचं पाऊल बोमध्ये (गजात) उतरतं का, हे ऐकलं जातं. गेमिनियानी (1751) आणि लिओपोल्ड मोझार्ट (1756) यांचे व्हायोलिनवरचे ग्रंथ त्यासाठी आधीपासून उघडून बसा.

अस्सल बरोक व्हायोलिन लगेच घेण्याची गरज नाही. हाताशी थोडेच पैसे असतील तर आधी बरोक बो घ्या, कारण हाताला शैली तोच शिकवतो. आपल्या व्हायोलिनवरचा हनुवटीचा टेकू आणि खांद्याचा आधार काढा, आतड्याच्या तारा लावा आणि 'ए' हा सूर 415 हर्ट्झवर, म्हणजे आजच्या 440 पेक्षा साधारण अर्धा सूर खाली, लावून घ्या. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात या तारा दमट हवेने फुगतात आणि सुरात राहत नाहीत. मुद्रण दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करा. साथीला हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) मिळाला नाही तर चेलोची साथ घ्या.

प्रवेश मिळाला की व्हिसाचं काम. एमव्हीव्ही, म्हणजे डच प्रवेश-परवाना, विद्यार्थ्याने स्वतः मागायचा नसतो. कॉन्झर्व्हेटॉयर मान्यताप्राप्त प्रायोजक म्हणून आयएनडी या इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करतं. तुम्ही शुल्क आणि वर्षभराच्या निर्वाहाइतके पैसे असल्याचा पुरावा द्यायचा. युरोपबाहेरच्यांना शुल्क बरंच जास्त पडतं. पदवीधरांसाठी मुंबईचं जे. एन. टाटा एन्डाउमेंट (1892) कर्ज-शिष्यवृत्ती देतं, तिची जाहिरात प्रवेशाच्या निकालाची वाट न पाहता बघा.

सगळ्यात जास्त अडतं ते जन्मदाखल्यावर. हेगच्या नगरपालिकेत नोंदणी करून बीएसएन हा डच नागरिक-सेवा क्रमांक घेताना अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) केलेला दाखला मागतात. आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, असा क्रम आहे. माझ्या एका विद्यार्थिनीच्या दाखल्यावर तिचं नावच नव्हतं, नुसतं 'स्त्री' आणि आईवडिलांची नावं. नाव घालून नवा दाखला हातात येईपर्यंत जीव टांगणीला लागला होता. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं म्हणून आहे आणि दाखल्यावर नाही, हाही घोळ नेहमीचा. म्हणून तारा मागवायच्या आधी दाखला काढून बघा. भारतीयांना तिथे पोहोचल्यावर क्षयरोगाची तपासणीही करावी लागते.

आता कामाचं. विद्यार्थ्याला नोकरी करायची तर मालकाने वर्क परमिट काढावं लागतं, आणि तेही आठवड्याला 16 तास किंवा जून ते ऑगस्ट पूर्णवेळ एवढ्यापुरतं. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून मात्र त्या परमिटशिवाय काम करता येतं. पॅशनच्या दिवसांतली कामं विद्यार्थी बहुधा याच वाटेने घेतात, त्यासाठी व्यवसाय म्हणून नोंदणी करतात. काम सुरू झालं की डच आरोग्य विमा घेणं बंधनकारक होऊ शकतं. आणि वर्षाची निम्मी क्रेडिट मिळवली नाहीत तर परवानाच धोक्यात येतो, त्यामुळे एप्रिलमध्ये कितीही फोन आले तरी वर्ग सोडू नका.

पदवीनंतर तीन वर्षांच्या आत 'झुकयार' नावाचा एक वर्षाचा परवाना मागता येतो. त्या वर्षात कुठलंही काम मोकळेपणी घेता येतं, पण तो वाढवून मिळत नाही. पुढे स्वतंत्र व्यावसायिकाचा परवाना गुणांवर मिळतो: तुमचा अनुभव, व्यवसायाची योजना आणि नेदरलँड्सला होणारा उपयोग. त्यासाठी पहिल्या कार्यक्रमापासूनचे करार, बिलं आणि छापील कार्यक्रमपत्रिका एका फाइलमध्ये तारखेनुसार लावत जा.