म्हाडाचं घर मिळालं म्हणजे नेमकं कुठलं?

“आम्हाला म्हाडाचं घर मिळालंय,” असं कुणी गिरगाव-लालबागकर म्हणाला की मी आधी विचारतो, ट्रान्झिटचं की मास्टर लिस्टचं? पुष्कळदा सांगणाऱ्यालाच ते ठाऊक नसतं. ट्रान्झिटमध्ये, म्हणजे म्हाडाच्या संक्रमण शिबिरात, जन्मलेली पोरं आता तिथेच संसार करताहेत. त्यांना तो गाळा आपला वाटणारच.

पण तो त्यांचा नसतो, म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळाचा असतो. कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंतच्या शहर भागात ३० सप्टेंबर १९६९ पर्यंत बांधलेल्या भाडेकरूंच्या जुन्या इमारती उपकरप्राप्त. म्हणजे मालमत्ता करासोबत उपकर भरायचा आणि त्यापोटी मंडळाने इमारतीची डागडुजी बघायची. दर पावसाळ्याआधी पाहणी होते, अतिधोकादायक इमारतींची यादी निघते. २०२५ मध्ये त्या यादीत ९६ इमारती होत्या. घर खाली करायची नोटीस आली की प्रतीक्षानगर, अँटॉप हिल, कन्नमवारनगर, मालवणी, जिथे रिकामा असेल तिथे गाळा. गाळे पुरत नाहीत म्हणून त्या वर्षी दरमहा २० हजार रुपये भाडं घेऊन आपली सोय आपण करण्याचा पर्यायही पुढे आला. (उपनगरातल्या खासगी इमारतीला पालिकेची सी-१, म्हणजे अतिधोकादायक ठरवणारी, नोटीस लागली म्हणून म्हाडाचं शिबिर मिळत नाही. ही गल्लत फार होते.)

हा गाळा तात्पुरता. विकायचा नाही, पोटभाड्याने द्यायचा नाही, आणि मूळ इमारत नव्याने उभी राहिली की चावी परत करून आपल्या जागी जायचं.

आता जायला जागाच उरली नसेल तर? प्लॉट इतका चिंचोळा की त्यावर काही बांधताच येत नाही, किंवा रस्ता रुंदीकरणात गेला, किंवा नव्या इमारतीत सगळे जुने भाडेकरू मावले नाहीत. अशांसाठी मास्टर लिस्ट, सरकारी मराठीत बृहतसूची. शहरात इतरत्र पुनर्विकास झालेल्या इमारतींमधून जे जादा गाळे मंडळाच्या वाट्याला येतात, त्यातलं घर यांना मिळतं आणि ते कायमचं. डिसेंबर २०२३ मध्ये २६५ पात्र भाडेकरू-रहिवाशांसाठी संगणकीय सोडत काढली गेली.

लोक फसतात ते इथे. शिबिरात तीस वर्षं काढली म्हणून नाव आपोआप या यादीत चढत नाही. अर्ज करावा लागतो, पात्रता ठरते. उलट, नोटिशीनंतर शिबिरात न जाता नातेवाइकांकडे राहिलेला मूळ भाडेकरू, किंवा तो गेला असेल तर त्याचा वारस, अर्ज करू शकतो. शिबिरातला गाळा कुणाकडून मुखत्यारपत्रावर विकत घेतला असेल, तर मात्र तुमचं प्रकरण वेगळं. अशा खरेदीदारांसाठी २०१९ चा शासन निर्णय आहे. मास्टर लिस्टच्या रांगेत उभं राहून उपयोग नाही.

बाकी सगळा खेळ कागदांचा. ओळखीच्या एका काकूंनी परवा शिवणाचा डबा उघडून दाखवला. बॉबिन आणि हुकांच्या खाली सासऱ्यांच्या नावच्या भाडेपावत्या, घडीवर चिरलेल्या, कोपऱ्यात मालकाच्या मेहताजीची सही. “सासूबाई म्हणाल्या होत्या, या फेकू नकोस. का ते नाही सांगितलं.” का ते आता कळतंय. मूळ घरातला ताबा या पावत्यांवरून सिद्ध होतो. शिबिराच्या ताबापत्रावरून फक्त तुम्ही शिबिरात आलात एवढंच कळतं.

डब्यात पावत्या होत्या, ताबापत्र होतं. घर खाली करायची नोटीस तेवढी नव्हती. ती चाळीच्या जिन्यात चिकटवली होती, त्याच पावसात गळून गेली. तिच्या प्रतीसाठी मुलाने अर्ज दिलाय.